सकाळची पहिली चावी

वाचकांचे प्रश्न, गॅरेजचे उत्तर

थंडी सुरू झाली की या सदराच्या टपालात एकच तक्रार वाढत जाते. सकाळी गाडी नीट सुरू होत नाही, थरथरते, बंद पडते. दिवसभर मात्र काही त्रास नाही. या वेळी त्यातली चार पत्रं निवडली आहेत. वाचताना एका गोष्टीचं फार वाईट वाटलं. जवळजवळ प्रत्येकाने पत्र लिहिण्याआधी बॅटरी, प्लग, फिल्टर असं काही ना काही बदलून पाहिलं आहे. पैसे गेले, दुखणं तिथंच. सुटा भाग बदलणं सोपं असतं. तो खरंच खराब होता का, हे तपासायला मात्र पहाटे उठावं लागतं, आणि ते कुणी करत नाही.

प्रश्न : मिस्त्रीकाका, नमस्कार. आमची द्राक्षबाग निफाड तालुक्यात आहे. थंडीची लाट आली की पहाटे बागेत शेकोट्या पेटवायला, ठिबक सुरू करायला जावं लागतं, त्यामुळे गाडी अंधारातच काढतो. गाडी २०१३ ची, चार सिलेंडरची पेट्रोल हॅचबॅक, ९०,००० किलोमीटर झालेत. पारा आठ-नऊच्या खाली गेला की सेल्फ मारल्यावर सुरू होते, पण लगेच थरथरायला लागते, मिसिंग करते (एखादा सिलेंडर मधूनच पेटत नाही), कधी बंदच पडते. रेस देऊन धरून ठेवावी लागते. दोन-तीन मिनिटांत आपोआप सुरळीत होते. गॅरेजवाल्याने आधी बॅटरी बदलली, मग चारही प्लग, मग थ्रॉटल बॉडी साफ केली. आता इंजेक्टर काढून धुवायचे म्हणतो. स्कॅनर लावला तर काहीच फॉल्ट दाखवत नाही. काय करावं?
— एक द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका

उत्तर : भाऊ, इंजेक्टरला आत्ता हात लावू देऊ नका. आधी एक सांगा, तुम्ही गाडी गॅरेजला किती वाजता नेता? दहा-अकराला, बागेतली कामं उरकून, दहा-पंधरा किलोमीटर चालवत. म्हणजे मिस्त्रीच्या हातात गाडी येते तेव्हा इंजिन पूर्ण तापलेलं असतं. तुमचं दुखणं पहिल्या दोन-तीन मिनिटांचं आहे. तापलेल्या इंजिनात त्याचा मागमूस राहत नाही. मग बिचारा अंदाजाने एकेक भाग बदलत जातो.

म्हणून पहिलं काम हे. आदल्या संध्याकाळी गाडी गॅरेजला उघड्यावर ठेवून या आणि स्पष्ट सांगा की सकाळी मी येईपर्यंत कुणी चावी लावायची नाही. पिंपळगावला माझ्याकडे येणाऱ्यांनाही मी हेच सांगतो. काहींना राग येतो, एक दिवस गाडी अडकते म्हणून. पण थंड इंजिनाची पहिली चावी चोवीस तासांत एकदाच मिळते. ती चुकली की दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं.

आता कान लावा. सकाळी सुरू व्हायला त्रास देणाऱ्या गाड्या तीन प्रकारच्या असतात, आणि प्रकार आवाजावरून कळतो.

पहिल्या प्रकारात सेल्फच जड फिरतो. घर्रर्र... घर्रर्र... असा ओढत. नाहीतर नुसतं खट् करून थांबतो. हे विजेचं नाहीतर जाड ऑइलचं दुखणं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटर लावला तर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२ च्या आसपास आली तर जवळपास रिकामी. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली घसरला तर बॅटरीत दम उरलेला नाही. शून्य अंशाला चांगल्या बॅटरीचीही ताकद साधारण पाचव्या हिश्शाने कमी होते. आपल्याकडे मात्र बॅटरीचं खरं नुकसान उन्हाळ्यात होतं. मेच्या उष्णतेने आतल्या प्लेटा झिजतात, पण उन्हाळ्यात इंजिन हलकं फिरतं म्हणून ते झाकून जातं, आणि डिसेंबरात उघडं पडतं. बॅटरी चांगली असूनही सेल्फ जड फिरत असेल तर इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी पाहा. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या कोऱ्या धातूवर धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपेक्षा फार जास्त आलं तर वीज त्या गंजलेल्या जोडात अडकते आहे. पट्टी काढून, घासून, पुन्हा आवळली की बऱ्याचदा नव्या बॅटरीचे पैसे वाचतात.

दुसऱ्या प्रकारात सेल्फ झकास फिरतो, पण इंजिन पकडत नाही. चार-पाचदा मारल्यावर पकडतं. इथे बहुधा रात्रभरात पेट्रोलच्या लाइनमधलं प्रेशर उतरलेलं असतं. चावी नुसती ऑन करा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटखालून पंपाची बारीक गुणगुण दोनेक सेकंद ऐकू येईल. ऑफ करा, पुन्हा ऑन करा, पुन्हा गुणगुण. मग सेल्फ मारा. आता पहिल्या फटक्यात पकडली, तर प्रेशर कुठून तरी गळतंय. पंपाचा व्हॉल्व्ह, रेग्युलेटर, नाहीतर ठिबकणारा इंजेक्टर.

तुमची गाडी तिसऱ्या प्रकारची. सेल्फ ठीक, पकडतेही लगेच, पण थंड असेपर्यंत नीट चालत नाही. मुळात बॅटरी बदलायचं कारणच नव्हतं.

थंडीत इंजिनला जास्त पेट्रोल का लागतं, हे एकदा समजून घेतलं की पुढचं सगळं उलगडतं. जळते ती पेट्रोलची वाफ, थेंब जळत नाही. गार इंजिनात पेट्रोलचा बराच भाग थेंबांच्या रूपातच भिंतींना चिकटून बसतो, वाफ कमी होते. म्हणून पेट्रोलच मुळात जास्त सोडावं लागतं. कार्बोरेटरच्या गाड्यांत त्यासाठी चोकचा खटका ओढायचो. पद्मिनी किंवा जुनी एटहंड्रेड ज्यांनी चालवली त्यांना आठवत असेल, इंजिन तापत जाईल तसा तो खटका थोडा थोडा आत ढकलायचा. आता ते काम कॉम्प्युटर करतो, आणि इंजिन किती गार आहे हे त्याला एकच जण सांगतो. तो म्हणजे कुलंटच्या, इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या, तापमानाचा सेन्सर. कुलंटच्या पाण्यात बुडालेला, पितळी बोंडाचा, अंगठ्याएवढा. तो खोटं बोलला की कॉम्प्युटर फसलाच.

गेल्या हिवाळ्यात लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्याची गाडी नेमकी तुमच्यासारखीच रडत होती. रात्री माझ्याकडे ठेवून घेतली. सकाळी सहाला बॉनेटवर दव साचलेलं. सेल्फ न मारता नुसती चावी ऑन केली, स्कॅनर जोडला, आणि फॉल्टच्या पानाऐवजी चालू आकड्यांचं पान उघडलं. आत येणाऱ्या हवेचं तापमान १० अंश. अंगणातल्या थर्मामीटरवर ९. आणि कुलंटचं तापमान ३८! रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या इंजिनचं पाणी ३८ अंश कसं असेल? कॉम्प्युटर मात्र ते खरं मानून, इंजिन कोमट आहे असं समजून पेट्रोल हात राखून सोडत होता. इंजिन अर्धपोटी थरथरत होतं. दोन-तीन मिनिटांत ते खरोखर तापलं की खोटा आकडा आणि खरी स्थिती जवळ यायची आणि गाडी शहाण्यासारखी चालायची.

स्कॅनर फॉल्ट का दाखवत नाही, याचं उत्तरही यातच आहे. वायर तुटली तर कॉम्प्युटरला उणे ४० अंश दिसतं, शॉर्ट झाली तर अशक्य वाटावी इतकी उष्णता दिसते. अशा वेळी तो लगेच दिवा लावतो. ३८ हा आकडा त्याला पूर्ण शक्य वाटतो. त्या वर्षांतल्या पुष्कळ गाड्यांचे कॉम्प्युटर 'हे या वेळी शक्य आहे का' असा प्रश्न विचारतच नाहीत. तो प्रश्न माणसाने विचारायचा. स्कॅनरवर 'नो फॉल्ट' आलं म्हणून गाडी बरी आहे असं जो मिस्त्री सांगतो, त्याने अर्धाच स्कॅनर वापरलेला असतो.

तेव्हा तुम्ही हेच करा. निदान सात-आठ तास उभी असलेली गाडी, चावी ऑन, इंजिन बंद. हवेचा आणि कुलंटचा आकडा तीन-चार अंशांच्या फरकाने जुळायला हवा, आणि दोन्ही बाहेरच्या थंडीशी जुळायला हवेत. नाही जुळले तर सेन्सर काढून मीटरवर रोध मोजा. बहुतेक गाड्यांत २० अंशांना दोन ते तीन किलोओम, बर्फाच्या पाण्यात पाच-सहा किलोओम, आणि ८० अंशांच्या गरम पाण्यात तीनशे ओमच्या आसपास येतो. तुमच्या गाडीचा नेमका तक्ता सर्व्हिसच्या पुस्तकात मिळेल. घरी वाटीत बर्फ घालूनही ही परीक्षा होते. सेन्सर बदलायचा तो इंजिन पूर्ण गार असतानाच. गरम रेडिएटरचं झाकण उघडून तोंड भाजून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. नंतर त्याच जातीचं कुलंट भरायचं, नळाचं पाणी नाही, आणि आतली हवा काढून टाकायची.

आकडे जुळले, म्हणजे सेन्सर निर्दोष निघाला, तर पुढे पाहायच्या गोष्टी सांगतो.

इनटेकला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीला, जोडलेले व्हॅक्यूमचे रबरी पाइप. गारठ्यात रबर कडक होऊन चीर उघडते, इंजिन तापलं की मऊ पडून बुजते. इंजिन गार असताना पाइप बोटांनी वाकवून, टोकाशी दाबून पाहा. इंजिन थरथरत असताना एखादा पाइप दाबल्यावर चाल बदलली तर तो सापडला.

इग्निशन कॉइल. तुम्ही प्लग बदलले, कॉइलचं रबरी बूट पाहिलं का? दवाच्या ओलीत बारीक भेगेतून ठिणगी भलतीकडे उडते. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं तर जुन्या वायरवाल्या गाडीत निळसर रेघा नाचताना दिसतात. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल तर ते असं दिसणार नाही. मग दोन कॉइलची अदलाबदल करायची आणि मिसिंग दुसऱ्या सिलेंडरवर जातं का, ते स्कॅनरवर पाहायचं. मिसिंगचे कोड ०३०१ पासून सुरू होतात, शेवटचा आकडा सिलेंडरचा.

आणि एक गोष्ट, जी मी कधीच सोडत नाही. कुलंटच्या डब्यातली पातळी. महिन्याभरात ती सारखी खाली जात असेल, बाहेर गळती दिसत नसेल, आणि सकाळी सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येत असेल, तर रात्रभरात हेड गॅस्केटमधून, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यातल्या पातळ थरातून, पाणी झिरपून एका सिलेंडरमध्ये उतरतंय. लक्षण अगदी तुमच्यासारखंच दिसतं, पहिलं मिनिटभर एक सिलेंडर मुका. पण हे दुखणं अंगावर काढलं तर इंजिन जातं. असं असेल तर गाडी चालवू नका.

इंजेक्टर धुणं या सगळ्यानंतर.

जाता जाता, ऑइल कोणतं घातलंय ते डब्यावर वाचा. आपल्याकडे 'जाड ऑइल टिकतं' म्हणून सरसकट २०डब्ल्यू-४० ओततात. तुमच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० लिहिलं असेल तर तेच घाला. डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत पातळ राहतं. पहाटे चारला निफाडच्या गारठ्यात इंजिनला ते लगेच पोचायला हवं.

प्रश्न : काका, मी महाबळेश्वरला टॅक्सी चालवतो. सूर्योदय बघायला पर्यटकांना विल्सन पॉइंटला न्यायचं असतं, म्हणून पहाटे पाचला गाडी हवी. जुनी डिझेल जीप आहे. वेण्णा लेकच्या बाजूला दव गोठतं तशी थंडी पडली की सेल्फ खूप वेळ मारावा लागतो, सुरू झाली की ढगासारखा पांढरा धूर, आणि इंजिन एका अंगाने हलतं. शेजारचा ड्रायव्हर पेट्रोलचा बोळा एअर फिल्टरच्या तोंडाशी धरतो, मग लगेच सुरू होते. रोज तसं केलं तर चालेल का? आणि डिझेल गोठतं का?
— एक टॅक्सीचालक, महाबळेश्वर

उत्तर : दादा, बोळा आजपासून बंद. अगदी आजपासून. तुमच्या इंजिनात हीटर प्लग आहेत, त्यांची टोकं लालभडक तापतात. त्यांच्यावर पेट्रोलची वाफ ओढली गेली तर ती पिस्टन वर पोचायच्या आधीच भडकते. पिस्टन फुटतो, कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी ज्वाळ फिल्टरच्या तोंडातून उलटी बाहेर येते, आणि तिथे बोळा धरलेला तुमचा हात असतो. बाजारात मिळणाऱ्या स्टार्टिंग स्प्रेचंही हेच.

दुखणं बहुधा हीटर प्लगचंच आहे. डिझेलला ठिणगी नसते. पिस्टनने दाबलेली हवा इतकी तापते की डिझेल आपोआप पेटतं. गार सिलेंडर ती उष्णता शोषून घेतो, आणि तुमच्या उंचीवर हवाही सातारा-वाईपेक्षा विरळ, म्हणजे दाबायलाच कमी. ती उणीव हीटर प्लग भरून काढतो. चारांपैकी एखाद-दुसरा मेला की त्या सिलेंडरमध्ये डिझेल न जळता तसंच बाहेर पडतं. तोच तुमचा पांढरा धूर, आणि तेच ते एका अंगाने हलणं.

तपासणी सोपी आहे. चारही प्लगांना जोडणारी धातूची पट्टी काढा. टेस्ट लॅम्पची एक तार बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरी एकेका प्लगच्या टोकाला. ज्यावर दिवा लागत नाही, तो मेला. मीटर असेल तर चांगल्या प्लगचा रोध साधारण एक ओमच्या आसपास दिसतो, मेलेल्याचा काहीच दिसत नाही. चारही जिवंत निघाले तर चावी ऑन केल्यावर त्या पट्टीवर १२ व्होल्ट येतात का पाहा. न आल्यास रिले किंवा फ्यूज. आणि चावी ऑन केल्यावर डॅशबोर्डवरचा पिवळा वेटोळ्याचा दिवा विझेपर्यंत थांबा. घाईत तो लागलेला असतानाच सेल्फ मारणारे ड्रायव्हर खूप पाहतो.

प्लग काढताना मात्र जीव मुठीत धरून काम करा. वर्षानुवर्षं बसलेला प्लग कार्बनने धरून ठेवलेला असतो, आणि जोर लावला तर टोक हेडमध्येच तुटून राहतं. मग हेड उतरवायची वेळ येते. आदल्या दिवशी बुडाशी गंज सोडवायचं तेल सोडा, इंजिन कोमट करा, पाना थोडा सैल, थोडा घट्ट, पुन्हा सैल असा हलवत काढा. हे ज्याने आधी केलंय अशाच मिस्त्रीला द्या. चारही एकदम बदला.

सेल्फ खूप वेळ मारावा लागतो, याला दुसरं कारणही असू शकतं. सेल्फ मारण्याआधी डिझेल फिल्टरवरचा हातपंप घट्ट होईपर्यंत दाबा. असं केल्यावर गाडी पटकन सुरू झाली तर लाइन रात्री एअर धरते आहे. फिल्टरचं रबरी रिंग, तांब्याचे वायसर, पाइपचे क्लिप, यांपैकी काहीतरी हवा ओढतंय. फिल्टरच्या तळाचं पाणीही सोडून द्या.

डिझेल गोठण्याची भीती महाबळेश्वरला नको. डिझेलमध्ये मेणासारखा अंश असतो, तो फार थंडीत गोळा होऊन फिल्टर बंद करतो, हे खरं आहे. लडाखमध्ये हा प्रश्न इतका मोठा होता की २०१९ च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलने तिथल्यासाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास हिवाळी डिझेल आणलं. तुमच्या डोंगरावर नेहमीच्या पंपावरचं हिवाळ्यातलं डिझेल पुरतं. सपाटीवरून उन्हाळ्यात भरून आणलेले जुने कॅन मात्र हिवाळ्यात वापरू नका.

प्रश्न : माझी सीएनजीची कार आहे, रोज पिंपरी ते हिंजवडी. सकाळी पेट्रोलवर सुरू होते तेव्हा धक्के देते, आचके खाते, मग सीएनजीवर गेली की एकदम छान. पेट्रोल टाकी कायम रिझर्व्हवर असते, कारण पेट्रोल लागतच नाही. सीएनजीवरच सुरू करता येईल का?
— एक नोकरदार वाचक, पिंपरी

उत्तर : ताई, उत्तर तुमच्याच शेवटून दुसऱ्या वाक्यात आहे. सिलेंडरमधला गॅस २०० बारच्या आसपास दाबलेला असतो. रिड्यूसरमध्ये तो दाब उतरतो तेव्हा गॅस प्रचंड गार होतो, म्हणून रिड्यूसरला इंजिनच्या गरम कुलंटची ऊब लागते. ती मिळेपर्यंत तुमच्या प्रकारची गाडी पेट्रोलवर चालते. काही नव्या गाड्या थेट सीएनजीवर सुरू होतात, पण त्यांची रचनाच तशी केलेली असते. तुमच्या गाडीत स्विचशी खटपट करून ते साधू नका.

तुमच्या टाकीतलं पेट्रोल किती महिने जुनं आहे, याचा विचार करा. रोज जेमतेम मिनिटभर वापरायचं आणि तळाशी तेच शिल्लक. पेट्रोलमधला हलका, पटकन वाफ होणारा भाग आधी उडून जातो, आणि थंडीत सुरू व्हायला नेमका तोच लागतो. शिवाय आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे, २०२५ पासून बहुतेक पंपांवर २० टक्के. इथेनॉल हवेतली ओल धरून ठेवतं, आणि गारठ्यात पेट्रोलइतक्या सहज त्याची वाफ होत नाही. ताजं असेल तर पुण्याच्या थंडीत याने अडत नाही. महिनोन्‌महिने तळाशी राहिलेलं असेल तर अडतं. पंप पेट्रोलमध्ये बुडूनच गार राहतो. रिझर्व्हवर चालवत राहिलात तर तोही एक दिवस जळेल, आणि तो खर्च मोठा आहे.

जुनं पेट्रोल काढून टाका, किमान पाव-अर्धी टाकी ताजं भरा, आणि आठवड्यातून एकदा आठ-दहा किलोमीटर मुद्दाम पेट्रोलवर चालवा. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर मग पेट्रोलचे इंजेक्टर साफ करायला हरकत नाही. तुमच्या बाबतीत तो खर्च सार्थ ठरेल, कारण न वापरलेल्या इंजेक्टरच्या तोंडाशी चिकट थर जमतो. प्लगही पाहून घ्या. सीएनजी पेटवायला ठिणगी जास्त जोराची लागते, प्लगचं अंतर वाढलेलं असेल तर सकाळी आधी तिथेच कळतं.

प्रश्न : माझा मुलगा नोकरीसाठी कॅनडात कॅलगरीला गेला. तिथे जुनी कार घेतली. पुढच्या जाळीतून विजेची तीन खिळ्यांची पिन लोंबते, असा फोटो त्याने पाठवला. ही गाडी विजेची नाही, पेट्रोलची आहे. कुणी फसवलं तर नाही ना? आणि तिथे बर्फात गाडी किती वेळ चालू ठेवून तापवायची?
— एक आई, सांगली

उत्तर : ताई, निर्धास्त राहा, फसवलेलं नाही. त्या पिनेची वायर इंजिनच्या ब्लॉकमध्ये बसवलेल्या हीटरला जाते. तिथे उणे २५-३० अंश थंडी पडते. त्या थंडीत ऑइल डिंकासारखं होतं आणि बॅटरीत निम्मी ताकदही उरत नाही. हा हीटर साधारण चारशे वॉटच्या आसपासचा असतो आणि इंजिनमधलं कुलंट कोमट ठेवतो. तिथल्या घरांना, पुष्कळशा पार्किंगच्या जागांनाही त्यासाठी बाहेर प्लग दिलेले असतात.

रात्रभर जोडून ठेवायची गरज नाही. उणे १५ च्या खाली पारा जाणार असेल तर निघायच्या तीन-चार तास आधी सुरू होईल असा टायमर लावायचा, तेवढं पुरतं. एक्स्टेन्शनची वायर बाहेर वापरायची, जाड, थंडीत न तडकणारी घ्यायला सांगा. घरातली साधी वायर बर्फात कडक होऊन मोडते. पहिल्या हिवाळ्याआधी त्याने बॅटरीची थंडीतली ताकद दुकानात तपासून घ्यावी, आणि ऑइल गाडीच्या पुस्तकात सांगितलेलं, ०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यूच घालावं.

सुरू झाल्यावर अर्धा-एक मिनिट पुरे, कडाक्याच्या थंडीत फार तर दोन-तीन. मग हळूहळू चालवत तापवायची. उभ्या गाडीत इंजिन फार सावकाश तापतं आणि न जळलेलं पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. बंद गॅरेजमध्ये दार लावून गाडी चालू ठेवायची नाही, हे त्याला तुम्ही स्वतः फोनवर सांगा, तो तुमचं ऐकेल. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि निघताना पिन काढून, वायर गुंडाळून ठेवायला विसरू नको म्हणावं.